बिब्बा: वीट, दूध आणि तूप

गोणपाटाची जाड पिशवी, तीत चार किलो बिब्बे आणि तेवढीच विटेची भरड. तोंड सुतळीने करकचून बांधलेले. पिशवी दगडी फरशीवर आडवी टाकून मावशी ती दोन्ही तळव्यांनी दाबत लोळवत होत्या. कोपरापर्यंत खोबरेल तेल चोपडलेले, पदराने नाक-तोंड बांधलेले. रबरी हातमोजे खुंटीला कोरे करकरीत लटकत होते. "त्याच्यातनं आत येतंय ते," मावशी म्हणाल्या, "आपलं तेलच बरं." अर्ध्या तासाने पिशवी सोडली, तेव्हा भरताना लालभडक असलेली विटेची पूड ओल्या तंबाखूसारखी काळपट आणि चिकट झाली होती. ती घमेल्यात रिकामी केली, कोरडी पूड भरली आणि घासणे पुन्हा सुरू. दुपारपर्यंत तीनदा पूड बदलली.

किती वेळ घासायचे, असे मी विचारले. मावशींनी एक फळ चिमट्यात धरून उजेडाकडे केले. "चमक हाय का न्हाई अजून? चमक हाय तोवर चावतंय ते."

ही नगरकडच्या एका लहानशा औषधशाळेतली गोष्ट. मी चार पावले लांब उभा होतो. निघताना जमिनीवर पडलेला सुतळीचा तुकडा उचलून खुंटीला अडकवला, एवढाच माझा त्या कामाशी संबंध. तिसऱ्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला खाज सुटली आणि रात्रीपर्यंत पाण्याने भरलेल्या बारीक फोडांची रांग उठली, थेट सुतळीच्या वळणाने. आपल्याकडे याला बिब्बा उतणे म्हणतात. पुढचे दहा दिवस मनगटावर खोबरेल लावत मी एकाच प्रश्नाचा विचार करत होतो. हे फळ औषध म्हणून पोटात घ्यायचे, ही कल्पना पहिल्यांदा कोणाला सुचली असेल? आणि त्याआधी ते विटेने घासायची?

वैद्यकाच्या भाषेत या घासण्याला शोधन म्हणतात आणि घासून निघालेल्या फळाला शुद्ध भल्लातक. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीत दिलेली रीत थोडक्यात अशी: पाण्यात टाकल्यावर बुडतात तीच फळे घ्यायची, देठाकडचा भाग कापायचा, सात दिवस गोमूत्रात आणि सात दिवस गायीच्या दुधात भिजवायची, मग विटेच्या भरडीबरोबर पिशवीत घासून धुऊन वाळवायची. काही वैद्य शेवटचे धुणे नारळाच्या पाण्याने करतात. पहिल्या पायरीकडे जरा नीट बघावे. बुडणारे फळ म्हणजे पक्व, तेलाने भरलेले. पोकळ फळ तरंगते. म्हणजे भरपूर तेलाचे फळ निवडायचे आणि मग त्यातले तेल कमी करायचे. तेल अजिबात नको असते, तर तरंगणारी फळेच घेतली असती. बरेचसे तेल काढायचे, थोडे ठेवायचे, असा हा बेत आहे. किती ठेवायचे, हे मात्र मावशींच्या "चमक" या एका शब्दावर उभे आहे.

झाड आपल्या ओळखीचे आहे. सातपुड्यापासून सह्याद्रीपर्यंत पानझडी रानात बिब्बा वाढतो. त्याच्या एकाच फळाचे तीन भाग आणि तिघांचे तीन स्वभाव. देठाकडचा मांसल, पिकल्यावर नारिंगी होणारा भाग वाळवून खातात. विदर्भात त्याला बिब्ब्याची फुले म्हणतात. अगदी आतला गर म्हणजे गोडंबी, जी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात पडते. या दोहोंच्या मध्ये जे काळे, टणक, चकचकीत कवच आहे, सगळी आग त्यात. ते कवच मधमाशीच्या पोळ्यासारखे सच्छिद्र असते आणि त्या छिद्रांत दाट तेल असते. हवा लागली की ते काळे पडते. गोडंबी फोडणाऱ्या बायांच्या बोटांची कातडी बघितली की लाडवातल्या मूठभर गोडंबीची खरी किंमत कळते.

त्या तेलातल्या मुख्य द्रव्याचे नावच मुळी भिलावनॉल आहे, हिंदीतल्या भिलाव्यावरून पडलेले. या रेणूला एक डोके आहे आणि एक लांब, मेदाळ शेपूट. शेपटामुळे तो कातडीत सहज शिरतो, डोके कातडीतल्या प्रथिनांना चिकटते आणि मग शरीर त्या जोडगोळीला परके समजून तिच्यावर तुटून पडते. ही तयारी व्हायला वेळ लागतो, म्हणून फोड लगेच न येता एक-दोन दिवसांनी येतात. अमेरिकेतली कुप्रसिद्ध पॉयझन आयव्ही, जपानी लाखकामाचा चीक, काजूच्या टरफलातले तेल, कैरीच्या देठाचा चीक, ही सगळी याच कुळातली भावंडे. आंबा, काजू, पिस्ता आणि बिब्बा एकाच घराण्याचे आहेत, हे पुढे लागणार आहे.

मेदाळ शेपूट म्हटले की शोधनातल्या निम्म्या गोष्टींचा उलगडा होतो. नुसत्या पाण्याला हे तेल दाद देत नाही. दुधातल्या स्निग्धांशात ते उतरते. भाजलेली माती सच्छिद्र असते. ती कवचाला खरवडते आणि बाहेर आलेले तेल पिऊन घेते. वाळूने नुसते खरवडले गेले असते. वीट दोन्ही करते. अर्थात भिजवलेले दूध आणि काळी झालेली पूड यांत काढलेले विष आता बसलेले असते. ते दूध जनावरानेही तोंड लावू नये अशा जागी पुरायचे असते. औषधशाळेच्या मागे मावशींचा तसा एक खड्डा होता, वर काट्यांची फांदी टाकलेला.

आता या घासण्याच्या कुळाकडे वळू. वीट आली कुठून?

चरकसंहितेत ती नाही. दोन हजार वर्षांच्या घरातल्या या ग्रंथात चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात, रसायनांच्या प्रकरणात, भल्लातकाचे प्रयोग सविस्तर दिले आहेत. दूध, मध, तेल, गूळ, सातू, मीठ अशा दहा जोड्यांत. पण फळ विटेने घासा, असे कुठेही म्हटलेले नाही. मग चरक सावधगिरी घेतच नाही का? घेतो, आणि ती बघण्यासारखी आहे. फळे ज्येष्ठ-आषाढात गोळा करायची; न किडलेली, रसाने भरलेली, पिकल्या जांभळाच्या रंगाची. ती जवाच्या किंवा उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवायची. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत प्रयोग सुरू करायचा, तोही घेणाऱ्याचे शरीर आधी थंड, स्निग्ध, गोड आहाराने तयार करून. दहा फळे ठेचून आठपट पाण्यात उकळायची, आठवा हिस्सा उरला की गाळायचे, दूध मिसळायचे. पिण्यापूर्वी तोंडाच्या आतून तूप लावायचे. रोज एक फळ वाढवत तिसापर्यंत जायचे, त्यापुढे नाही. मग तसेच उतरायचे. एका प्रयोगात एकूण हजाराची मर्यादा. पचले की तूप-दुधाबरोबर साळीचा भात. (हे कोणी घरी करून बघू नये. तीस बिब्ब्यांचा काढा हा आजच्या कोणाही वैद्याच्या अंगावर काटा आणणारा आकडा आहे.)

म्हणजे चरकाच्या हाती फळ जवळजवळ जसेच्या तसे आहे आणि सगळी काळजी माणसाची घेतलेली आहे. ऋतू कोणता, पोट कसे, तोंडात तुपाचा थर आहे का, कालच्यापेक्षा आज किती, जेवण काय. फळावर त्याने केलेले काम म्हणजे धान्यात मुरवणे, उकळणे आणि दुधात मिसळणे. औषधाच्या द्रव्यावर केलेल्या अशा कामाला तो संस्कार म्हणतो. विमानस्थानात त्याने संस्काराची साधने मोजली आहेत. पाणी, अग्नी, धुणे, घुसळणे, जागा, काळ, भावना (रसात घोटणे), भांडे वगैरे. सगळी स्वयंपाकघरातली. शोधन हा शब्द चरकात आहे, पण तो मुख्यतः माणसाच्या शरीराचा: वमन, विरेचन देऊन दोष बाहेर काढणे.

आजीची आठवण मला इथे येते. तिने चरकाचे नावही ऐकले नसेल. थंडीत कोणाचा खोकला छातीत बसला की ती बिब्बा काढायची. दाभण चुलीत लाल करून बिब्ब्यात खुपसायची आणि दिव्याच्या ज्योतीवर धरायची. चरचरत तेलाचा एक थेंब खालच्या दुधाच्या वाटीत पडायचा, आणि पडताना त्याची नागमोडी काळी रेघ दुधावर उमटायची. थेंब मोजलेले. पहिल्या दिवशी एकच. दूध एका घोटात, ओठांना लागू न देता, आणि त्याआधी ओठांना, टाळूला तुपाचे बोट. दिवसभर अळणी दूधभात, तूप. उन्हात जायचे नाही, कढत पाण्याने आंघोळ नाही. उन्हाळ्यात कितीही खोकलो तरी तिने बिब्बा काढला नाही. वीट तिला माहीत नव्हती. ऋतू, मात्रा, तूप, दूधभात हे सगळे मात्र ओळीने तिच्या हातात होते. दोन हजार वर्षांपूर्वीची पद्धत पुस्तकाशिवाय एका माजघरात पोचली होती. तिच्या या उपचाराची मी शिफारस करत नाही. एका थेंबाने कोणाचा घसा सुजेल हे तिलाही सांगता आले नसते. पण देण्यापूर्वी ती आईला हमखास एक प्रश्न विचारायची, त्याकडे शेवटी येतो.

वीट आली ती रसशाळेतून, असे मला वाटते. मध्ययुगात पारा, गंधक, हरताळ, तांबे, लोखंड यांची औषधे करणारे रसवैद्य पुढे आले. धातुकामाची भाषा त्यांच्या तोंडी होती. खाणीतून आलेल्या वस्तूत मळ असतो, तो काढून ती शुद्ध करायची, मग मारायची, मग भस्म. सोनाराला शोभणारा हा शब्द त्यांनी पुढे वनस्पतींनाही लावला. बचनागासारखी विषे आणि कुचला, धोतरा, गुंज, कण्हेर, जमालगोटा, बिब्बा अशी उपविषे यांच्या याद्या झाल्या आणि प्रत्येकाचे शोधन ठरले. कुचला गोमूत्रात भिजवून, दुधात शिजवून, सोलून तुपात तळायचा. बचनागाचे तुकडे फडक्यात बांधून तीन दिवस उन्हात गोमूत्रात ठेवायचे, आणि शार्ङ्गधर या जुन्या वैद्यक-ग्रंथकाराने आवर्जून सांगितले आहे की गोमूत्र रोज नवे घ्यायचे. रोज नवे का, हे आजचा कोणताही रसायनतज्ज्ञ चटकन सांगेल: जुने द्रावण विषाने भरले की आणखी विष त्यात उतरत नाही. याच परंपरेत इष्टिकाचूर्ण, म्हणजे आपली विटेची भरड, बिब्ब्याला भेटली.

हे फार मोठे पाऊल होते, कारण आता धोका फळातच कमी करता येऊ लागला. पण शब्दाने एक घोटाळा करून ठेवला. शुद्ध म्हटले की घाण गेली, आता चोख, असे मनात येते. सोन्यातला मळ सोने नसतो. बिब्ब्यातले तेल मात्र मळ नव्हे, तेच औषध आणि तेच विष. शुद्ध भल्लातक म्हणजे कमी तेलाचा भल्लातक, बस. त्याहून जास्त काही त्या विशेषणात नाही.

मधल्या काळात हे फळ जगभर फिरत होते आणि जिथे गेले तिथे आपली खूण सोडून आले. अरब वैद्य त्याला बलाधुर म्हणत आणि स्मरणशक्तीसाठी देत. नवव्या शतकात बगदादमध्ये अहमद इब्न याह्या नावाचा मोठा इतिहासकार होता. सिंधवरच्या पहिल्या अरब स्वारीची हकीकत त्याच्याच ग्रंथातून आपल्याला मिळते. बलाधुरचा रस पिऊन त्याला भ्रम झाला आणि त्यातच तो ८९२ च्या सुमारास वारला, असे सांगतात. म्हणून इतिहासात त्याचे नाव अल्-बलाधुरी. रस त्याने घेतला की त्याच्या आजोबांनी, याबद्दल जुन्या लेखकांत एकमत नाही. पण एका फळाच्या चुकलेल्या मात्रेवरून आडनाव पडलेला दुसरा इतिहासकार माझ्या तरी माहितीत नाही.

युरोपीय वैद्यांनी फळाच्या हृदयासारख्या आकारावरून त्याला अनाकार्डस म्हटले. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींच्या ग्रंथात त्यावर एक संवाद लिहिला आहे. कोवळी हिरवी फळे मिठात घालून अचार करतात आणि पोर्तुगालात ऑलिव्ह विकतात तसा तो इथल्या बाजारात विकला जातो, असे तो नोंदवतो. मिठाचे पाणी आणि कोवळेपण हाही सुरक्षिततेचाच एक मार्ग, आणि तो बाजारातल्या लोकांनी शोधलेला. आज बिब्ब्याचे लोणचे म्हटले तर आपल्या पोटात गोळा येईल.

पुढे लिनियसने १७५३ मध्ये काजूला शास्त्रीय नाव देताना हाच अनाकार्ड शब्द उचलला. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी इकडे आणलेला. पण टरफलातले दाहक तेल आणि आतला गोड गर बघून नाव मिळाले ते बिब्ब्याचे. मूळ मालकाला लिनियसच्या मुलाने सेमेकार्पस अनाकार्डियम म्हटले. सेमेकार्पस म्हणजे खुणेचे फळ. आणि गंमत अशी की लिनियसला न विचारता कोकण-गोव्याच्या बायकांनीही हेच केले. ओल्या काजूगरांना कोकणी बोलीत बिब्बे म्हणतात. नागपूरचा माणूस पहिल्यांदा गोव्यात जेवायला बसतो आणि पानात बिब्ब्यांची भाजी आहे असे ऐकतो, तेव्हा त्याचा चेहरा बघावा.

खुणेचे फळ हे नाव धोब्यांमुळे. बिब्ब्याच्या रसात चुना मिसळून कपड्यावर काढलेली खूण भट्टीतही जात नाही. दुसऱ्या महायुद्धात इकडे आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर फोड उठू लागले. त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी १९४३ मध्ये त्याचे कारण छापून सांगितले: गणवेशाच्या आतल्या बाजूला धोब्याने केलेली बिब्ब्याची खूण. धुऊन, वाळवून, इस्त्री करूनही ती चावत होती. चांगल्या चाललेल्या कामात कोणी बिब्बा घातला, असे आपण म्हणतो ना, तेव्हा हा एक थेंब डोळ्यापुढे आणावा. शनिवारी दुकानांच्या दारावर लिंबू-मिरच्यांच्या दोऱ्यात तोच काळा बिब्बा ओवलेला असतो. संस्कृतातली त्याची नावेही बघा: अरुष्कर म्हणजे व्रण करणारा, शोफकृत् म्हणजे सूज आणणारा, अग्निमुखी. बाटलीवर इशारा छापायची सोय नव्हती तेव्हा तो नावातच असे.

शोधनाने खरोखर फरक पडतो का, हे मोजायची वेळ आली ती मुंबईत. सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयातल्या औषधशास्त्राच्या तेव्हाच्या प्राध्यापिका डॉ. शरदिनी डहाणूकर मराठी वाचकाला झाडांवरच्या ललित लेखनामुळे ठाऊक आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी थोरात यांनी १९९१ मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. आयुर्वेदातले संस्कार वगळले तर चालेल का, असा सरळ प्रश्न. द्रव्य घेतले बचनाग. कच्चा बचनाग उंदरामागे २.६ मिलिग्रॅम दिला, सगळे उंदीर मेले. पूर्ण संस्कार केलेला बचनाग त्याच्या आठपट दिला, एकही मेला नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे अर्धवट संस्कार पुरले नाहीत, प्रत्येक पायरी लागली.

बचनागातले ॲकोनिटिन हे द्रव्य हृदयाचे ठोके बिघडवून माणूस मारते. पाण्यात दीर्घकाळ उष्णता दिली की त्या रेणूला जोडलेले दोन तुकडे एकामागून एक गळून पडतात आणि विषाची धार जाते. म्हणजे बिब्ब्याचे विष काढून टाकावे लागते, बचनागाचे मोडावे लागते. पहिल्याला वीट, दुसऱ्याला आच. चीनमध्ये सिच्वान प्रांतातले कारागीर बचनागाच्याच जातीचे कंद खारवून, उकळून, सोलून, वाफवून औषधाला देतात. त्यांच्याकडे ना गोमूत्र ना दूध. पण आच आणि वेळ आहे. तरीही नीट न शिजलेल्या कंदाचे काढे घेऊन हाँगकाँगमध्ये माणसे रुग्णालयात गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत पुन्हा पुन्हा येत राहिल्या. पायरी गाळली की काय होते, हे तिथे उंदरांवर बघावे लागले नाही.

केईएमच्या प्रयोगाचा दाखला आयुर्वेदाचे अभिमानी फार आनंदाने देतात. त्यांनी शेवटची ओळही वाचावी. प्रत्येक पायरी लागते याचा अर्थ असाही होतो की घाईच्या कारखान्यात एक पायरी चुकली तर "शुद्ध" हा शिक्का खोटा पडतो. आणि उंदीर वाचले यावरून औषध गुणकारी ठरत नाही. तो निराळा प्रश्न आहे. बिब्ब्याच्या बाबतीत तर आणखी एक अडचण. बचनागाचे विष सर्वांना सारखेच मारते. बिब्बा माणूस बघून चावतो. एकाला वाटीभर काही होत नाही, दुसऱ्याला सुतळीचा तुकडा पुरतो. कितीही शोधन केले तरी उरलेले तेल कोणाला भोवेल हे फळावरून कळत नाही, माणसावरूनच कळते. १९७९ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी बिब्ब्याच्या चिकाचा संपर्क आलेल्या रुग्णाच्या मूत्रपिंडाला झालेली गंभीर इजा नोंदवली होती. प्रकरण फोडांवर थांबेलच असे नाही.

म्हणून या कुळकथेत मला वीट जितकी महत्त्वाची वाटते तितकेच चरकाचे तूप. एका परंपरेने फळ सांभाळले, दुसरीने माणूस. जुना वैद्य दोन्ही करत असे. शोधलेला बिब्बा देताना नाडी, ऋतू, पथ्य बघत असे. गोळी बाटलीत गेली तेव्हा वीट तिच्याबरोबर गेली, तूप मागे राहिले. संजीवनी वटी हे नाव तुमच्या ओळखीचे असेल. अजीर्णाला, तापाला अनेक घरांत असते. तिच्या दहा समभाग द्रव्यांत एक भाग भल्लातक आणि एक भाग बचनाग आहे. दोन्ही शोधलेले असायला हवेत. पण डबीबरोबर थंडी येत नाही, दूधभात येत नाही, आज एक उद्या दोन असे सांगणारे कोणी येत नाही.

कायद्याला हे ठाऊक आहे. १९४० च्या औषध कायद्याखालच्या नियमांत ई (१) नावाची अनुसूची आहे, आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या विषारी द्रव्यांची. भल्लातक, वत्सनाभ (म्हणजे बचनाग), कुचला त्यात आहेत. यांपैकी काही असलेल्या पोटात घ्यायच्या औषधावर "सावधान, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशा अर्थाचे शब्द ठळक छापावे लागतात, इंग्रजीत आणि हिंदीत. मराठीची सक्ती नाही. ज्या भाषेत बिब्बा उततो, त्या भाषेत इशारा नाही.

तेव्हा घरातल्या डब्या एकदा उलट्या करून घटकद्रव्ये वाचा. भल्लातक, अरुष्कर किंवा सेमेकार्पस असे काही दिसले तर ती गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका आणि शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नका. वैद्याकडे गेलात की त्यांनी विचारण्याची वाट न बघता माझ्या आजीच्या प्रश्नाचे उत्तर आधी द्या. दाभण तापत घालण्यापूर्वी ती आईला विचारायची, "ह्याला कैरीचा चीक उततो का गं?" माझे उत्तर हो आहे. म्हणून मला तिने तो थेंब कधीच दिला नाही.